दहा हजारांच्या टॅबशी संसार

आमच्या गल्लीत कुणाचा टॅब अडला की तो माझ्याकडे येतो. मी दुरुस्तीवाला नाही. घरात आईसाठी एक आणि भाचीच्या अभ्यासासाठी एक असे दोन स्वस्तातले टॅब सांभाळता सांभाळता हात बसला, एवढंच. माझ्याकडे येणारे बहुतेक टॅब बिघडलेले नसतातच. एकाची केबल मेलेली असते, दुसऱ्याचं स्टोरेज गळ्यापर्यंत भरलेलं असतं, तिसऱ्याच्या टॅबमध्ये पाच-सहा वर्षांपूर्वीची तारीख बसलेली असते आणि म्हणून एकही वेबसाइट उघडत नसते. त्याआधी त्यांचे मालक दुकानात जाऊन "सॉफ्टवेअर मारावं लागेल, पाचशे होतील" हे वाक्य ऐकून आलेले असतात.

स्वस्त टॅब म्हटलं की ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत गाजावाजा करत आलेला ‘आकाश’ आठवतो. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला होता. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट नुसतं टेकवून न चालणारा, दाबावा लागणारा पडदा. आजचा आठ-दहा हजारांचा टॅब त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण किंमत खाली आणायची तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो कुठे घेतला हे कळलं की तक्रारींचं कोडं सुटतं. साधारणपणे पाच ठिकाणी: स्टोरेजची चिप, डब्यातला अडॅप्टर, वायफाय, जीपीएस आणि व्हिडिओचा परवाना. पुढचं सगळं या पाचांभोवतीच फिरणार आहे.

पहिला दिवस

टॅब विकत घेतलेला असो, कुणी भेट दिलेला असो की राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेच्या योजनेत नीट-जेईईच्या तयारीसाठी मिळालेला असो, सुरुवात सारखीच.

बिल आणि डब्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं आणि वॉरंटीसाठी नेमकं तेच लागतं.

मग डब्यातल्याच अडॅप्टरने चार्जिंगला लावा, वायफाय जोडा आणि गुगल खातं टाका. इथे दोन मिनिटं थांबा. खातं असं टाका ज्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे, आणि तो पासवर्ड डायरीत लिहून ठेवा. दुकानदाराने "मी टाकून देतो" म्हणत बनवलेलं खातं अजिबात नको. अँड्रॉइड ५.१पासून, म्हणजे २०१५पासून, अशी सोय आहे की बटणं दाबून बाहेरून रिसेट मारला, म्हणजे टॅब पुसून कोरा केला, तर टॅब आधीचंच खातं आणि पासवर्ड मागतो. चोराला आळा बसावा म्हणून ही सोय, पण तिच्यात मालकच जास्त अडकतात. आमच्या शेजारच्या काकांचा टॅब याच कारणाने दोन महिने कपाटात पडून होता. खातं त्यांच्या जावयाने बनवलेलं, जावई परदेशी, आणि ते कुठल्या नंबरावर बनवलं होतं हे त्यालाही आठवेना. जुना टॅब विकत घेतानाही हेच बघा: विकणाऱ्याने तुमच्यासमोर सेटिंग्जमध्ये जाऊन आधी खातं काढायचं, मग रिसेट मारायचा. रिसेट झालेला टॅब नव्याने सुरू करून जुनं खातं मागत नाही ना, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खातं टाकल्यावर टॅब भयंकर संथ चालेल. घाबरू नका आणि परतही करू नका. मागे पंचवीस-तीस ॲप एकाच वेळी अपडेट होत असतात आणि स्वस्त चिपला तेवढा भार झेपत नाही. रात्रभर चार्जिंग आणि वायफायवर सोडून द्या. टॅब कसा आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. सिस्टीम अपडेट आलं असेल तर तेही याच रात्री उरकून घ्या.

सकाळी झाडलोट. नको असलेले गेम, खरेदीची ॲप, दुसरा ब्राउझर, जे आयतं घुसवलेलं आहे ते अनइन्स्टॉल करा. जे निघत नाही त्याला ‘डिसेबल’ करा. मग जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा जोडा. आईसारख्या माणसाला टायपिंगपेक्षा माईक सोपा जातो. "ज्ञानेश्वरी नववा अध्याय" असं बोललं की यूट्यूब शोधून देतं. अक्षरांचा आकार मोठा करा आणि पिन लावा. पिन सगळ्यांना ठाऊक असला तरी चालेल, पण असू द्या.

चार्जिंग: निम्मी रड इथेच

थोडा हिशोब करू. समजा बॅटरी ८,००० एमएएचची आहे. ३.८ व्होल्टने गुणलं तर साधारण ३० वॉट-तास होतात. डब्यातला अडॅप्टर १० वॉटचा असेल, तर कागदावर तीन तास आणि वाटेत वाया जाणारं धरलं तर चार तासांहून जास्त. आता हाच टॅब तुम्ही जुन्या फोनच्या ५ वॉटच्या अडॅप्टरला लावलात, वर पडदा झगझगीत ठेवून व्हिडिओही चालू ठेवलात. पडदा आणि प्रोसेसर मिळून जवळपास तेवढीच वीज खातात. मग दोन तास लावूनही टक्का हलत नाही आणि बॅटरी गेली म्हणून बोंब होते. बॅटरी ठणठणीत असते. नळ जेवढा सुटलाय तेवढीच मोरी उघडी आहे.

अडॅप्टरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. १ अँपिअर असेल तर तो टॅबसाठी नाही. नवा घेताना त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी नंबर बघा. फूटपाथवरचे पन्नास रुपयांचे अडॅप्टर टॅबला लावू नका. त्यांच्यामुळे टच पिसाळतो. चार्जिंगला लावल्यावर पडदा आपोआप सरकतो, नको ती बटणं दाबली जातात, लोक म्हणतात भूत शिरलं. केबल काढा. भूत गेलं तर दोष अडॅप्टरचा, पडद्याचा नाही. धातूच्या पाठीचा टॅब चार्जिंगला असताना हाताला बारीक मुंग्या येतात, त्याचंही मूळ तिथेच: दोन पिनच्या अडॅप्टरला अर्थिंग नसतं आणि त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून किंचित विद्युतप्रवाह झिरपतो. चांगल्या अडॅप्टरवरही कधीकधी जाणवतं. मात्र चटका बसला तर तो अडॅप्टर त्याच क्षणी टाकून द्या.

टॅब अजिबात चालूच होत नसेल तर या क्रमाने जा:

१. बोर्डाचं बटण चालू आहे का ते बघा. हसू नका. त्याच सॉकेटला दुसरा फोन लावून पाहा.

२. केबल बदला. सगळ्यात आधी मरते ती केबल, आणि तीही वरून धडधाकट दिसत असताना.

३. टॅबच्या चार्जिंग पिनमध्ये टॉर्च मारून बघा. पिशवीतला, खिशातला कापूस दाबून दाबून तिथे वाकळ झालेली असते आणि केबल पूर्ण आत बसत नाही. टॅब बंद ठेवून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने उकरून काढा. सुई किंवा सेफ्टी पिन नको, आतल्या पट्ट्या वाकतात किंवा शॉर्ट होतात.

४. आता योग्य अडॅप्टरला लावा आणि अर्धा तास हात लावू नका. पार उतरलेली बॅटरी पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच दाखवत नाही. या वेळात दर मिनिटाला बटण दाबून बघणारे लोक उरलीसुरली चार्जिंगही संपवतात.

५. मग पॉवरचं बटण सलग वीस सेकंद दाबून धरा. काही टॅबमध्ये त्याच्या जोडीला आवाज कमी करायचं बटणही दाबावं लागतं. टॅब आतल्या आत चालू असतो, फक्त पडदा काळा होऊन हँग झालेला असतो, तो याने जागा होतो.

एवढ्यानंतरही काही नाही, तर सर्व्हिस सेंटर. या पाच पायऱ्या केल्याचं तिथे सांगा, बोलणं लवकर आटोपतं.

टॅब स्लो चालतो

डब्यावर ‘८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं आणि बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात ‘४+४’. खरी रॅम, म्हणजे चालू कामाला लागणारी मेमरी, चारच. उरलेली चार स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि स्वस्त टॅबचं स्टोरेज म्हणजे ईएमएमसी, रॅमपुढे बैलगाडी. सेटिंग्जमध्ये ही ‘वाढीव रॅम’ बंद करता येत असेल तर बंद करून बघा. काही टॅबवर काहीच फरक पडत नाही, पण तेवढी जागा तरी मोकळी होते.

खरा आजार जागेचा. ३२ जीबीच्या टॅबमध्ये दहा-पंधरा जीबी तर सिस्टीमच खाते. उरलेल्यात व्हॉट्सॲपचे सुप्रभात, लग्नाचे व्हिडिओ आणि तीन गेम. स्टोरेजची ही चिप नवं लिहिण्याआधी जुनं खोडते, आणि खोडायचं तर मोठाले तुकडे एकदम खोडावे लागतात. जागा मोकळी असली की तिला हे हलवाहलव करायला अंगण मिळतं. गच्च भरली की एक भांडं काढायला दहा भांडी सरकवावी लागतात, आणि आपल्याला वाटतं टॅब म्हातारा झाला. माझा नियम असा: ३२ जीबीत पाच तरी मोकळे, ६४मध्ये दहा. ‘फाइल्स’ ॲप उघडलं की काय काढता येईल ते तेच सुचवतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’मधून मोठ्या फाइल आधी उडवा आणि ऑटो डाउनलोड बंद करा.

मेमरी कार्ड घातलं तर फोटो, व्हिडिओ, पीडीएफ त्यावर ठेवा. ॲप टॅबमध्येच राहू द्या. कार्ड घेताना ‘ए१’ असं छापलेलं बघा, आणि पाचशे रुपयांत १ टीबी देणाऱ्यापासून लांब राहा. बनावट कार्ड आकडा मोठा दाखवतं, पण ठरावीक जागेनंतर जुन्यावरच लिहीत सुटतं. फाइलची नावं दिसतात आणि उघडायला गेलं की काही नाही.

जागा झाली तरी संथच? आठवड्यातून एकदा रिस्टार्ट. मग एक जुनी युक्ती: सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवा, ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील. तिथे ॲनिमेशनचे तीन स्केल आहेत, ते प्रत्येकी ०.५ करा. टॅब खरं तर तेवढाच वेगवान राहतो, पण पडदे निम्म्या वेळात सरकतात आणि डोळ्यांना बरं वाटतं. त्या यादीतल्या बाकी कशालाही हात लावू नका.

‘क्लीनर’, ‘बूस्टर’, ‘बॅटरी डॉक्टर’ मात्र अजिबात घेऊ नका. आधीच अशक्त माणसाच्या डोक्यावर आणखी एक बोजा, वर जाहिराती. चालू ॲप सारखी सारखी पुसत बसण्यातही अर्थ नाही. अँड्रॉइडला गरज लागली की तो स्वतःच पुसतो, आणि तुम्ही पुसलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला त्याला जास्त कष्ट पडतात.

जाहिराती, बंद पडणारी ॲप, न उघडणारं इंटरनेट

पडद्यावर आपोआप पूर्ण आकाराच्या जाहिराती येत असतील तर हल्ली टाकलेलं एखादं ॲप दोषी असतं. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, पंचांग, फोटोच्या फ्रेम, नेहमीचे यशस्वी कलाकार. पॉवर मेनू उघडून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवा, सेफ मोड विचारेल. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप झोपलेली असतात. जाहिराती थांबल्या तर शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा. जाहिराती वरच्या सूचनांमध्ये येत असतील तर क्रोममध्ये कुठल्यातरी साइटला ‘अलाउ’ केलेलं असणार. सूचना दाबून धरली की तिथेच बंद करता येते.

एकाच वेळी चार-पाच ॲप उघडल्या उघडल्या बंद पडू लागली, तर रिसेटकडे धावू नका. मार्च २०२१मध्ये जगभर असं झालं होतं. अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू नावाच्या एका भागाचं अपडेट चुकलं आणि लाखो लोकांची मेल, बँकेची ॲप धडाधड बंद पडली. ज्यांनी घाईने फॉरमॅट मारला त्यांनी डेटा गमावला. ज्यांनी वाट बघून प्ले स्टोअरमधून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केलं त्यांचं काम झालं. एकच ॲप रुसलं असेल तर त्याची कॅशे, म्हणजे साठलेला तात्पुरता डेटा, साफ करा, मग काढून पुन्हा टाका.

"हे कनेक्शन खाजगी नाही" असं प्रत्येक साइटवर येतंय? तारीख बघा. बॅटरी पार उतरून बरेच दिवस पडून राहिलेला टॅब भलतीच तारीख धरून बसतो, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं. तारीख-वेळ ऑटोमॅटिक केली की झालं.

वायफायचं म्हणाल तर बऱ्याच स्वस्त टॅबना २.४ गिगाहर्ट्‌झच कळतं. राउटरचं ‘५जी’ (म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ) शेपटीचं नाव तुमच्या यादीत दिसत नसेल तर टॅब आंधळा नाही, त्याला ते बघायचे डोळेच दिलेले नाहीत. दुसरं नाव जोडा. जीपीएसचंही तसंच: फक्त वायफायवाल्या अनेक टॅबमध्ये ते नसतं, नकाशावर तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे दिसाल. गाडीत वाट दाखवायला तो घेऊ नका.

आणि तो व्हिडिओचा परवाना. टॅबचा पडदा चांगला असूनही पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवर चित्र धुरकट दिसतं, यूट्यूब मात्र स्वच्छ. चोरी होऊ नये म्हणून ओटीटीवाले वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात, त्याचा ‘एल१’ दर्जा टॅबकडे नसेल आणि ‘एल३’ असेल तर बहुतेक ओटीटी एचडी देतच नाहीत. यावर घरगुती उपाय नाही. घेण्याआधी ‘एल१ आहे का’ एवढं विचारा. दुकानदार गोंधळला तर परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या.

कशाला वापरायचा, कशाला नाही

सिम नसलेल्या टॅबवर यूपीआय चालत नाही, कारण नोंदणीसाठी सिममधून एसएमएस जावा लागतो. माझ्या मते हे बरंच आहे. पैशाचे व्यवहार फोनवर राहू द्या, टॅब घरभर फिरतो.

व्हॉट्सॲप हवं असेल तर क्यूआर कोड दाखवून फोनच्या खात्याला जोडा. फोन सोडून आणखी चार उपकरणं जोडता येतात. टॅबमध्ये आपला नंबर टाकून ओटीपी भरलात तर फोनवरचं व्हॉट्सॲप बंद होईल, आणि मग रात्री नऊ वाजता माझ्याकडे फोन येईल. मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेला टॅब आपोआप सुटतो, हेही लक्षात असू द्या.

अभ्यासासाठी मात्र हा टॅब सोनं आहे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात. वीज गेली, नेट गेलं तरी पुस्तक हातात राहतं. भाचीच्या टॅबमध्ये आम्ही एवढंच ठेवलंय: पुस्तकं, सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप, शब्दकोश आणि एक बुद्धिबळ. लहान मूल असेल तर सेटिंग्जमधलं ‘ॲप पिनिंग’ चालू करा. एक ॲप पडद्यावर खिळून राहतं, पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

स्वयंपाकघरात ठेवणार असाल तर फोडणीपासून दोन हात लांब आणि ओट्यापेक्षा उंच. पडदा पुसायला चष्म्याचं फडकं किंचित ओलं करून घ्या, कॉलिन थेट पडद्यावर मारू नका. उशीवर, गादीवर चार्जिंगला लावू नका. स्वस्त टॅबला उष्णता बाहेर टाकायला पाठच असते आणि बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही. रोज शंभर टक्के करण्यापेक्षा वीस ते ऐंशीमध्ये ठेवला तर ती जास्त वर्षं टिकते. पावसाळ्यात कोकणातल्या घरात कपाटात ठेवून देणार असाल तर अर्धी चार्जिंग करून, बंद करून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बघा.

रिसेट, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं करून झालं तरच. फोटो, डाउनलोड आणि नोट्स बाहेर काढा. मेमरी कार्ड काढून ठेवा. खात्याचा पासवर्ड दुसऱ्या फोनवर टाकून खरोखर चालतो का बघा. चार्जिंग निम्म्याहून जास्त असू द्या. मग सेटिंग्जमधूनच रिसेट मारा, बटणं दाबून नाही. नंतर जुनी सगळी ॲप एकदम परत आणू नका, लागेल तसं एकेक घ्या. नाहीतर महिन्याभरात गाडं पुन्हा तिथेच.

वॉरंटीत असताना सर्व्हिस सेंटर टोलवाटोलवी करू लागलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. फोन करण्याआधी बिलाचा तो मेल केलेला फोटो उघडून ठेवा. वॉरंटी संपल्यावर डिस्प्ले फुटला तर आधी भाव विचारा. टॅबच्या निम्म्या किमतीपर्यंत जात असेल तर मी बदलत नाही.

टॅब टेबलावर ठेवल्यावर डुगडुगायला लागला, पाठ फुगली किंवा पडदा कडेने उचलला, तर मात्र यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. मुलांच्या हातापासून आणि गॅसपासून दूर, फरशीवर किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आईचा पहिला टॅब असाच गेला. भजनं सतत चालू राहावीत म्हणून तो दीड वर्ष देवघराशेजारी चोवीस तास चार्जिंगला लावलेला होता. दुसऱ्यासाठी आता चिकटपट्टीने भिंतीवर कागद डकवलाय: सकाळी आंघोळीनंतर लावणे, पूजा झाली की काढणे.